पुठ्ठ्याचे स्थानक

जव्हार नगरापासून जवळच शिरपामाळ नावाचे एक मोकळे पठार आहे. इसवी सन १६६४ च्या आरंभी सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा येथे मुक्काम झाला, जव्हारचे राजे विक्रमशाह मुकणे यांनी त्यांचे स्वागत केले आणि त्या प्रसंगीच्या शिरपेचावरून या माळाला हे नाव पडले, असे येथील परंपरा सांगते. माळावर स्मारक आहे, वारा आहे, पावसाळ्यात गुडघ्याएवढे गवत आहे. नाही ती फक्त आगगाडी. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत लोहमार्गाचा एक रूळही पडलेला नाही. डहाणूहून नाशिककडे लोहमार्ग व्हावा ही मागणी येथील लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. परंतु आजही ज्याला आगगाडी गाठावयाची आहे त्याने घाट उतरून डहाणू रोडला जावे, नाही तर मोखाड्यावरून कसाऱ्याची किंवा इगतपुरीची वाट धरावी.

जेथे रूळ नाही तेथे स्थानक मात्र होऊ शकते. ते पाटीएवढ्या जागेत मावेल, पुठ्ठ्याचे असेल आणि त्याच्या पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत ‘शिरपामाळ’ असे लिहिलेले असेल. असली प्रतिकृती बाजारातून सुटे भाग आणून जोडावयाची नसते. कागद, पुठ्ठा, बांबूची कामटी आणि खळ एवढ्यांतून ती मुळापासून घडवावयाची असते. हा उद्योग खेळाचा वाटतो खरा, परंतु त्यात भूमिती आहे, सुतारकी आहे, गवंडीकाम आहे आणि सर्वांत अधिक म्हणजे पाहण्याची शिस्त आहे.

लहान आगगाड्यांचा हा छंद मूळचा युरोपातील. जर्मनीतील मेर्क्लिन या खेळणी बनविणाऱ्या कारखान्याने १८९१ साली लहान रुळांची मापे ठरवून दिली, आणि तेव्हापासून एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळावर धावू लागले. महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत परिचित स्थान म्हणजे पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या या छंदातून १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तेथे एका दालनात सबंध गावच वसविलेले आहे. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, पुलावरून मोटारी जातात. सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे. दालनातील दिवे मालवले की त्या गावात रात्र होते आणि घराघरांतून इवलेसे दिवे लागतात. पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम अर्थातच धावत्या गाडीकडे जाते. परंतु गाडी क्षणात निघून जाते, इमारत जागेवर राहते. आणि म्हणून प्रतिकृतीचा खरेखोटेपणा इमारतीवरूनच लवकर उघडकीस येतो.

इमारतीचे हे महत्त्व इंग्लंडमधील रॉय इंग्लंड या गृहस्थाने फार पूर्वी ओळखले होते. आडनाव इंग्लंड असले तरी तो जन्माने ऑस्ट्रेलियन. १९२५ साली तो इंग्लंडला आला आणि तेथील एका खोऱ्यातील गवताने शाकारलेल्या जुन्या घरांच्या प्रेमात पडला. परंतु त्याच्या डोळ्यांदेखत ती घरे बदलू लागली. गवती छपरे जाऊन तेथे निराळेच साहित्य येऊ लागले. घरे वाचविणे त्याच्या हाती नव्हते. मापे घेणे मात्र हाती होते. त्याने घरामागून घर मोजले, टिपले आणि ७६ पट लहान करून पुठ्ठ्यात उभे केले. १९५४ साली त्यातून पेंडन नावाचे संग्रहालय निघाले, आणि त्याच्यामागून आलेल्या स्वयंसेवकांनी ते काम पुढे चालू ठेवले. एकेका घराला महिनोन् महिने लागतात, कारण भिंतीवरील प्रत्येक वीट निराळी कोरून रंगवावी लागते.

आपल्याकडेही मोडत चाललेल्या स्थानकांची उणीव नाही. बार्शी लाइट रेल्वेचेच पाहा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेला हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा लहान लोहमार्ग १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाला. १९०६ साली तो पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचला. पंढरीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या चिमुकल्या गाडीने गेल्या. पुढे २००० नंतरच्या सुमारे दहा वर्षांत हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला. प्रवाशांची सोय झाली हे निर्विवाद. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु मार्ग बदलला की फलाटाची उंची बदलते, इमारत अपुरी पडते, आणि जुने कौलारू तिकीटघर एक तर पाडले जाते किंवा दार लावून विसरले जाते. त्याची खिडकी किती उंचीवर होती, वळचण भिंतीपासून किती पुढे आली होती, हे नंतर सांगावयास कोणी उरत नाही.

तेव्हा शिरपामाळचे स्थानक कल्पनेतील असले तरी त्याचे दार, त्याची खिडकी आणि त्याचे कौल कल्पनेतील असू नये. प्रत्येक भाग कोठे तरी पाहिलेला व मोजलेला असावा. कोठल्याही लहान स्थानकावरची जुनी इमारत त्यासाठी चालेल. जव्हारमधील एखादे जुने कौलारू घरही पुष्कळ शिकवील. स्थानकावर मापे घ्यावयाची तर प्रथम स्टेशनमास्तरांची परवानगी घ्यावी आणि फलाटाची कड ओलांडू नये. रुळांच्या बाजूने दिसणारा भाग फलाटावरूनही मोजता येतो.

उंच भिंतीचे माप घेण्यासाठी शिडी लागत नाही. हाताला लागतील असे विटांचे किंवा दगडांचे दहा थर फुटपट्टीने मोजावे आणि मग वळचणीपर्यंतचे थर नुसते डोळ्यांनी मोजावे. त्रैराशिकाने उंची निघते. भिंतीला गिलावा असेल तर एक मीटर लांबीची काठी भिंतीशी टेकवून, समोर सरळ उभे राहून छायाचित्र घ्यावे, आणि चित्रातील काठीच्या मानाने भिंत किती ते पाहावे. मात्र छायाचित्र तिरके घेतल्यास ही रीत फसते, कारण दूरची बाजू लहान दिसते. घेतलेली मापे तेथेच वहीत लिहावी. घरी जाऊन आठवणीने लिहिलेले माप हे माप नव्हे.

यानंतर प्रश्न येतो प्रमाणाचा. एक मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे १०० पट लहान, हे प्रमाण हिशेबाला सर्वांत सोपे. परंतु इमारतीजवळून पुढे कधी काळी गाडी न्यावयाची असेल तर जगभर रूढ असलेले ८७ पटींचे प्रमाण धरणे शहाणपणाचे. आपला रुंद लोहमार्ग १६७६ मिलिमीटरांचा. या प्रमाणात तो सुमारे १९.३ मिलिमीटर भरतो. बाजारात मात्र रूळ मिळतो साडेसोळा मिलिमीटरांचा, कारण तो युरोपातील १४३५ मिलिमीटरांच्या मार्गावरून ठरविलेला आहे. आपल्याकडील छंदिष्टांना ही तडजोड मुकाट्याने सोसावी लागते. बार्शी मार्गासारखा ७६२ मिलिमीटरांचा लहान मार्ग घेतला तर तो ८.८ मिलिमीटर होतो आणि ९ मिलिमीटरांचा रूळ सहज मिळतो. डोंगराळ मुलखाला असाच अरुंद मार्ग शोभतो; तीव्र वळणे तो सहज घेतो. शिरपामाळला गाडी आलीच असती तर ती बहुधा अशीच लहान असती, असे समजून चालावयास हरकत नाही.

८७ पटींच्या या प्रमाणात एक मीटर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. दर वेळी भागाकार करीत बसण्यापेक्षा पुठ्ठ्याची एक मापपट्टी आधीच करून ठेवावी. तिच्यावर ११५ मिलिमीटरांची रेघ ओढून तिचे दहा समान भाग करावे. प्रत्येक भाग म्हणजे एक मीटर. बारा मीटर लांब व सहा मीटर रुंद असे लहानसे स्थानक घेतले तर प्रतिकृतीचा तळ १३८ मिलिमीटर लांब व ६९ मिलिमीटर रुंद होतो. २ मीटर १० सेंटिमीटर उंचीचे दार २४ मिलिमीटरांचे होते, आणि त्या दारातून आत जाणारा मध्यम उंचीचा माणूस भरतो अवघा १९ मिलिमीटर. जुन्या इमारतीची भिंत ४५ सेंटिमीटर जाड असते. म्हणजे प्रतिकृतीतही ती पाच मिलिमीटर जाड हवी. ही गोष्ट नवशिका हटकून विसरतो. पातळ पुठ्ठ्यात खिडकी कापून तो मोकळा होतो, आणि मग सगळे मिठाईच्या खोक्यासारखे दिसू लागते. जाड भिंतीत खोल बसलेली खिडकी आणि तिच्या कडेची सावली, यांतच जुन्या इमारतीचे सारे रूप असते. म्हणून अडीच मिलिमीटर जाडीचे दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवून भिंत करावी.

चिकटविण्यात एक मेख आहे. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस खळ लावून कागद चिकटविला तर ओला असता फुगलेला तो कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो. सकाळी पाहावे तो भिंत सुपासारखी वाकलेली असते. उपाय सोपा आहे: दोन्ही बाजूंस सारखाच कागद चिकटवावा आणि वाळेपर्यंत सपाट फळीखाली वजन ठेवून दाबावा. दोन्हीकडची ओढ समान झाली की भिंत सरळ राहते. पिठाच्या खळीला झुरळे व कसर लागते. म्हणून पुस्तके बांधणारे कारागीर तीत चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असल्यामुळे ते काम वडीलधाऱ्यांनी करावे.

जव्हारच्या मुलांना कागद आणि खळ यांची करामत अपरिचित नाही. येथील बोहाड्यातील सोंगांचे मुखवटे लाकडाचे तसेच कागदाच्या लगद्याचे असतात. हलका, पोकळ, तरीही डोक्यावर चढवून रात्रभर नाचता येईल असा टिकाऊ मुखवटा घडविणाऱ्या कारागिराला पुठ्ठ्याची भिंत सरळ कशी ठेवावी हे निराळे शिकवावे लागणार नाही. थर पुरता वाळल्यावाचून त्यावर दुसरा देऊ नये, ही त्याची पहिली शिस्त. तीच येथेही लागू पडते.

दारे-खिडक्यांची भोके भिंत सुटी करण्यापूर्वी, सबंध पुठ्ठ्यावर असतानाच कापावी, म्हणजे अरुंद भाग दुमडत नाहीत. पाते धारदार असावे आणि एका दमात आरपार कापण्याचा हव्यास नसावा. हलक्या हाताने पाच-सहा वेळा पाते फिरविल्यास कड स्वच्छ निघते आणि बोटेही शाबूत राहतात. चारही भिंती उभ्या करताना कोपऱ्यांना गुण्या लावावा. स्टेशनमास्तरांची खोली, तिकीटघर आणि प्रतीक्षालय यांच्यामधील आडव्या भिंती आत बसविल्या की बाहेरच्या भिंतींना आधार मिळतो आणि इमारत पिळवटत नाही. खिडक्यांचे गज म्हणून खराट्याचे बारीक हीर चालतात, वासे म्हणून बांबूच्या कामट्या. काचेऐवजी शर्टाच्या खोक्यावरील पारदर्शक कागद लावावा.

आता छप्पर. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. इमारत ६९ मिलिमीटर रुंद आहे, तेव्हा अर्ध्या रुंदीचे म्हणजे साडेचौतीस मिलिमीटरांचे दोन तुकडे कापले की छप्पर झाले, असे वाटते. ते दोन तुकडे भिंतींवर तिरके ठेवले की आढ्यावर एकमेकांस भेटतच नाहीत. कारण पाखे हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे, पाया नव्हे. जव्हारसारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात कौलारू छपराचा उतार सुमारे ३० अंश धरला तर आढे भिंतीच्या माथ्यापासून २० मिलिमीटर उंच येते. साडेचौतीसचा वर्ग अधिक वीसचा वर्ग, त्यांच्या बेरजेचे वर्गमूळ जवळजवळ ४०. शिवाय पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून वळचण पुढे काढावी लागते. तिचे ८ मिलिमीटर मिळविले की पाखे ४८ मिलिमीटरांचे होते. पायथागोरसचा सिद्धान्त वर्गात पाठ म्हणून दाखविणाऱ्या मुलालाही छपराशी आल्यावर तो आठवत नाही, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

पाख्यावर कौले बसवावयाची. जुन्या स्थानकांवर बहुधा मंगळुरी कौले दिसतात. १८६५ साली बासेल मिशनच्या प्लेब्स्ट या जर्मन गृहस्थाने मंगळूरला कारखाना काढला आणि तेथून ही लाल, खोबणीची कौले दूरदूरच्या छपरांवर जाऊन बसली. कौल सुमारे ४१ सेंटिमीटर लांब व साडेतेवीस सेंटिमीटर रुंद असते. परंतु एकावर एक चढल्यामुळे उघडा दिसणारा भाग त्याहून लहान राहतो. प्रतिकृतीत हा उघडा भाग ३.७ मिलिमीटर लांब व २.४ मिलिमीटर रुंद असा धरावा. जाड चित्रकागदाच्या लांब पट्ट्या कापून त्यांच्या एका कडेस दर २.४ मिलिमीटरांवर कात्रीने खाच द्यावी. पहिली पट्टी वळचणीवर, तिच्यावर थोडी चढून दुसरी, अशा रीतीने आढ्याकडे जावे. वरून खाली येऊ नये. तसे केल्यास खालची पट्टी वरच्या पट्टीवर येईल, आणि खरे पाणी असते तर ते थेट स्टेशनमास्तरांच्या टेबलावर गळले असते.

दोन्ही टोकांस थोडे थोडे पुढे आलेले छप्पर १५२ मिलिमीटर लांब होते. एका ओळीत ६३ कौले आणि एका पाख्यावर १३ ओळी, म्हणजे ८१९ कौले. दोन्ही पाख्यांवर १६३८. हा आकडा खऱ्या इमारतीशी ताडून पाहता येतो. तितक्याच आकाराच्या खऱ्या पाख्याचे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मीटर होईल, आणि मंगळुरी कौले एका चौरस मीटरास सुमारे १५ लागतात. म्हणजे सव्वाआठशेच्या आसपास. कागदावरचा हिशेब आणि गवंड्याचा हिशेब असे एकमेकांस मिळाले की मापे बरोबर घेतल्याची खात्री पटते. ते मिळाले नाहीत, तर कौले कापण्यापूर्वीच वही उघडावी.

रंग देताना भडकपणा टाळावा. दूरच्या वस्तूचा रंग फिका व धुरकट दिसतो आणि प्रतिकृती म्हणजे एक प्रकारे दुरून पाहिलेली वस्तूच होय. डब्यातला लाल रंग तसाच फासला तर छप्पर कुंकवाने माखल्यासारखे दिसते. त्यात थोडा तपकिरी आणि किंचित करडा मिसळावा, आणि काही कौले एकेकटी थोडी उजळ ठेवावी, कारण खऱ्या छपरावर फुटलेल्या कौलांच्या जागी नवी बसविलेली असतात. जोत्याजवळ भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत पागोळ्यांनी उडालेली तांबडी माती दिसली पाहिजे. ही वीत प्रतिकृतीत जेमतेम अडीच मिलिमीटर असते. उत्तरेकडच्या भिंतीवर शेवाळाची हिरवट झाक द्यावी. हे सारे पाहून करावयाचे. एखाद्या भिंतीवर शेवाळ का आहे आणि दुसरीवर का नाही, असा प्रश्न पडला की ऊन कोठून येते आणि पाऊस कोणत्या अंगाने झोडपतो, याकडे आपोआप लक्ष जाते. शेवटी चपड्या लाखेचा पातळ हात द्यावा. नाही तर जव्हारच्या आषाढातील दमट हवा महिन्याभरात पुठ्ठा मऊ करून टाकील.

किरकोळ वस्तूंचा पसारा फार वाढवू नये. रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा, वाळूच्या लाल बादल्या, एक बाक, पाण्याचा मठ एवढे पुरे. अरुंद मार्गाच्या लहान स्थानकावर उंच फलाट नसे. रुळांच्या पातळीचीच मुरमाड जमीन असे, आणि वापरलेल्या चहाची वाळलेली पूड चाळून डिंकावर पसरली की ती हुबेहूब साधते. नावाचा फलक मात्र काळजीने करावा. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. शिरपामाळची उंची अंदाजाने लिहू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा दर २० मीटरांवर असतात, त्यांवरून माळाची जागा शोधावी आणि तीच संख्या फलकावर घालावी.

आत दिवा लावावयाचा असल्यास भिंतींना आतून काळा रंग देणे आवश्यक आहे. पुठ्ठा कितीही जाड असला तरी सांध्यांतून उजेड झिरपतो आणि सबंध इमारत आकाशकंदिलासारखी पेटलेली दिसते. दिवा बारीक असावा आणि एकाच खोलीत असावा. रात्री गाडी नसताना लहान स्थानकावर दिवा असतो तो स्टेशनमास्तरांच्या खोलीत.

काम संपले म्हणजे प्रतिकृती उलटी करून तिच्या तळाशी एक कागद चिकटवावा. कोणत्या इमारतीचे दार मोजले, खिडकी कोठली, कौल कोठले, मापे कोणत्या दिवशी घेतली, प्रमाण कोणते आणि कोणता भाग केवळ अंदाजाने केला, हे त्यावर लिहावे. मापांची वही फेकून न देता त्याच खोक्यात ठेवावी. ज्या इमारतीचे दार मोजले ती दहा वर्षांनी जागेवर असेलच असे नाही.